शेपटाची साक्ष

दार उघडताच ताईंनी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग त्या बाजूला सरल्या.

"ये. बस."

शिलाई मशीनवर कुणाचा तरी गणवेश अर्धवट शिवून पडला होता. तो खुर्चीच्या कडेला टेकला. सहा वर्षांची शिक्षा भोगून सुटल्याला जेमतेम आठवडा झाला होता, आणि ताईंचा निरोप आला : एकदा येऊन जा.

ताईंचा धाकटा भाऊ नावाजलेला गायक होता. हा त्याच्या मागेमागे फिरणारा. ना सुराची जाण, ना तालाची. पण गिटार उचलायला, चहा सांगायला, वाहवा करायला सदैव हजर. वादक त्याला 'शेपूट' म्हणत, आणि त्याला तेही मानाचंच वाटे. नशेच्या पुड्या आणून द्यायचं कामही त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यातल्याच एका पुडीने गायक गेला.

ताई शिव्या घालतील, कदाचित हातही उगारतील, अशी मनाची तयारी करूनच तो आला होता. ताईंनी पाणी आणून ठेवलं.

"कोर्टात तू सांगितलंस, तो झोपेतच गेला. काही बोलला नाही."

"हो."

"माझी आठवण काढली का रे त्याने? वर्षभर अबोला होता आमचा. नसेल काढली तर तसं सांग."

'नाही' म्हटलं की सुटका होती. त्याने पेला उचलला, न पिताच खाली ठेवला.

"काढली. कसंतरीच होतंय म्हणाला. तुम्हाला फोन लावायला सांगितलं. दोनदा."

"मग?"

"लावतो म्हणालो." तो फरशीकडे बघत राहिला. "लावला नाही. तुम्ही आलात की मला हाकलून द्याल, असं वाटलं. झोपला की उतरेल, असंही वाटलं."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"किती वाजले होते?"

"दुपारचे तीन, सव्वातीन."

"घरीच होते मी," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी घरीच होते."

तो उठला. दारापर्यंत पोचला, तेव्हा मागून ताईंचा आवाज आला.

"कसं म्हणाला? त्याच्याच शब्दांत सांग."

त्याला मागे वळवेना.

"ताईला लाव ना रे."

ताईंनी डोळे मिटले.

"पुन्हा म्हण."