मागे जाताना गाडी आपोआप थांबत नाही

पंचशील तायडे गाडीच्या खरेदीत एवढा चिकित्सक होईल असं कुणी सांगितलं असतं तर त्याची बायको दीक्षा पोट धरून हसली असती. हा माणूस स्वतःच्या लग्नाचे कपडे दहा मिनिटांत घेऊन मोकळा झालेला. घरचा फ्रिज त्यानं दुकानाच्या दारातूनच पसंत केला होता. आणि आता तीन आठवडे झाले, जेवणाच्या ताटाला मोबाइल टेकवून गाड्यांचे व्हिडिओ बघणं चाललं होतं. पुढची गाडी अचानक थांबली तर आपली आपोआप ब्रेक मारते का? रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तर स्टिअरिंग थरथरतं का? आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात कुणी आलं तर दिवा लागतो का? घ्यायची होती चार माणसांची छोटी गाडी, आणि चौकशी अशी की जणू विमान घेतोय.

"इंदूरमध्ये लेन सोडली की गाडी ओरडणार?" दीक्षा म्हणाली. "मग ती घरापासून ऑफिसपर्यंत ओरडतच जाईल ना! इथे लेनमध्ये चालतं कोण?"

"सेफ्टी आहे," पंचशील म्हणाला. "आईला घेऊन फिरायचं असतं."

"तेच तर म्हणते मी सगळ्यांना," दीक्षा कौतुकानं म्हणाली. "आईंसाठी किती करतात हे."

ते ऐकून पंचशीलनं मोबाइल पालथा ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

खरी गोष्ट त्या घरात एकट्या पंचशीललाच माहीत होती. त्यांचं घर अन्नपूर्णा भागात, गल्ली अरुंद, आणि जुनी गाडी रोज मागे घेतच बाहेर काढावी लागायची. त्या गाडीला त्यानं मागाहून सेन्सर बसवून घेतला होता. मागे काही आलं की तो बोंबलायचा. पण त्या गल्लीत मागे काही नाही असं कधी व्हायचं? शेजाऱ्याची स्कूटर, फाटकाचा खांब, बसलेलं कुत्रं, सगळ्यालाच बोंब. शेवटी वैतागून पंचशील बडा गणपती भागातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेला आणि म्हणाला, "वासुदेव भिया, निकाल दो इसको, दिमाग खा गया." वासुदेवनं वायर कापून दिली. वर चहा पाजला.

त्यानंतर महिनाभरानं, सप्टेंबरातल्या एका सकाळी, पंचशीलला ऑफिसला उशीर झाला होता. त्याची आई कांताबाई गाडीच्या मागे वाकून पेपर उचलत होती. पेपरवाला फेकून जायचा, आणि रोज तीच उचलायची. रोज म्हणजे रोज. हे पंचशीलला माहीत नव्हतं असं नाही. त्यानं आरशात पाहिलं, कुणी दिसलं नाही, गाडी मागे घेतली. हलकासा धक्का बसला. त्याला वाटलं, फाटक.

उतरून पाहिलं तर आई जमिनीवर. मनगट मोडलेलं, डोक्याला मार, शुद्ध नाही. शेजारच्या शोभनाताई पाणी घेऊन धावत आल्या. दोन मिनिटांनी कांताबाईनं डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मला चक्कर आली का रे?"

"हो आई," पंचशील म्हणाला.

बस, एवढंच. शोभनाताई उभ्या होत्या, तोंडातून निघून गेलं. संध्याकाळी प्लास्टर झाल्यावर सांगू म्हणाला. मग म्हणाला टाके निघाल्यावर सांगू. खोटं पहिल्या दिवशी पाहुण्यासारखं अंग चोरून बसतं हो, आठवड्यात घरचं होऊन जातं.

आणि त्या खोट्यानं घरात काय काय मांडलं बघा. चक्कर का आली म्हणून तपासण्या झाल्या. डोक्याचे फोटो निघाले. डॉक्टर म्हणाले, रिपोर्टमध्ये काही नाही. झालं! ज्याचं नाव डॉक्टरलाही सापडत नाही असा आजार आपल्याला झाला, या धास्तीनं कांताबाई निम्मी झाली. ही बाई दर गुरुवारी एकटी बस पकडून महूला धाकट्या बहिणीकडे, सुलोचनाकडे जायची. ते बंद झालं. न्हाणीघरात दीक्षानं भिंतीला दांडी बसवून घेतली. जिना चढायचा तर कुणीतरी पाठीशी पाहिजे. सकाळी ऑफिसला निघताना पंचशील विचारायचा, "आई, आज चक्कर वगैरे नाही ना?" विचारायचं काय होतं त्याला? पण नाही विचारलं तर दीक्षाला नवल वाटेल, म्हणून विचारायचा.

सगळ्यात वाईट रविवारी व्हायचं. त्याचे वडील नथू तायडे यांनी मोठ्या हौसेनं पोराचं नाव पंचशील ठेवलेलं. विहारात सगळ्यांबरोबर पाच शीलं म्हणताना चौथं आलं की, खोटं बोलणार नाही हे, पंचशीलचे नुसते ओठ हलायचे. शेजारी आई खणखणीत आवाजात म्हणायची.

मार्च लागला तशी कांताबाईनं आणखी एक गोष्ट ठरवली. चौदा एप्रिलला महूला देशभरातून माणसं येतात, आणि त्यांना जेवू घालायचा तिच्या महिला मंडळाचा मांडव असतो. तीस वर्षं त्या मांडवातली भाजीची कढई कांताबाईच्या ताब्यात होती. नवरा गेला त्या वर्षीसुद्धा ती कढईपाशी उभी होती. ती म्हणाली, "या वेळी मी सांगून टाकते, दुसरी कुणी बघा. गरम कढईपाशी मला चक्कर आली आणि कुणाच्या अंगावर सांडलं तर? पाप नको." रविवारी चार वाजता महूला मंडळाची बैठक होती. तिथे जाऊन ती हे सांगणार होती.

त्याच रविवारी जाता जाता ते राऊच्या अलीकडच्या शोरूमला थांबले. गाडी चालवून बघायची, पक्कं करायचं आणि मग महू, असा बेत होता.

शोरूममधला पियुष चुणचुणीत होता. त्यानं पंचशीलला सगळं नीट समजावून दिलं. काचेवर वर कॅमेरा आहे, तो पुढे बघतो. पुढे कुणी आडवं आलं तर गाडी आधी आवाज करणार, तुम्ही ऐकलं नाही तर स्वतः ब्रेक मारणार. पट्टा सोडलात तर स्टिअरिंग आत ओढणार. "पर एक बात बोलूं भिया," तो म्हणाला, "ये ड्रायवर की मदद करती है, ड्रायवर नहीं है. बारिश में, धूल में, कीचड़ लग गया तो कैमरा भी अंधा हो जाता है. भरोसा पूरा मत करना."

"आणि मागे?" पंचशीलनं विचारलं. "रिवर्स में?"

"पीछे कैमरा है, सेन्सर है. बीप करेगा."

"थांबवेल ना पण? खुद ब्रेक मारेगी ना?"

"नहीं भिया. इस गाड़ी में वो आगे के लिए है. पीछे तो सिर्फ बताएगी. रोकना आपको है."

"टॉप मॉडेलमध्ये?"

"टॉप में भी नहीं."

पंचशीलनं हातातलं माहितीपत्रक मिटलं. तीन आठवडे व्हिडिओ बघून त्यानं जे शोधलं होतं ते हेच होतं. कुणीतरी त्याच्याऐवजी थांबणारं. दीक्षा हसून म्हणाली, "एवढं काय तोंड पाडलं? तुम्ही आहात ना ब्रेक मारायला!" आणि जुन्या गाडीच्या कागदांचं बोलायला आत निघून गेली.

पंचशीलनं गाडी रस्त्यावर फिरवून आणली. कांताबाई मागच्या सीटवर, विहारातून आली तशी पांढऱ्या साडीतच, दांडी घट्ट धरून बसलेली. एक लोडिंग रिक्षा मध्येच वळली तेव्हा गाडी खरोखर कचकन थांबली. "अगं बाई!" कांताबाई म्हणाली. "शहाणी आहे की रे ही." परत येऊन ते शोरूमच्या अंगणात थांबले, आणि पियुषला उत्साह आला. मागचा कॅमेराही दाखवायचा होता ना त्याला.

"माताजी, आप जरा उतर के पीछे खड़े हो जाओ. भिया, आप रिवर्स लगाओ, धीरे धीरे लेना. देखना, कैसा बजता है."

"मी राहते उभी, त्यात काय," कांताबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिला कुणी काम सांगितलं होतं. ती उतरली आणि गाडीला हात लावत लावत मागे जाऊन उभी राहिली.

पंचशीलनं रिव्हर्स टाकला. समोर पडद्यावर आई दिसली. हिरवी रेघ, पिवळी रेघ, लाल रेघ, आणि लाल रेघेच्या पलीकडे पांढऱ्या साडीतली आई, कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. आवाज सुरू झाला. पियुष खिडकीशी वाकून म्हणाला, "आने दो भिया, थोड़ा और."

पंचशीलचा पाय ब्रेकवरून उठेना. गाडी तसूभर हलली नाही. ही बाई, जिला मी पाडलं, माझ्यावर विश्वास टाकून माझ्याच गाडीच्या मागे हसत उभी आहे. आणि इथून हिला घेऊन मी महूला जाणार, आणि ही तिथे आपली कढई सोडणार. लाज वाटली त्याला. भडभडून आलं. त्यानं गाडी बंद केली आणि उतरून मागे गेला.

"आई, तुला चक्कर आली नव्हती."

"अरे आत्ता नाहीच आली. ठीक आहे मी."

"आत्ताचं नाही. त्या दिवशी. तू पेपर उचलत होती, मी गाडी रिवर्स घेतली. माझ्या गाडीनं पाडलं तुला. मागचा आवाज मीच बंद करून घेतला होता. तू विचारलं, आणि मी हो म्हणालो."

पियुषला मराठी फारसं येत नसावं, पण चेहरे वाचता येत होते. तो मुकाट्यानं आत गेला.

कांताबाईचा हात डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेवर गेला. मग तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या डोक्यात काही नाही?"

"काही नाही."

"काही आजार नाही मला?"

"नाही आई."

तिनं एक मोठा श्वास सोडला. पंचशीलला क्षणभर वाटलं, सुटलो. तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

"हात मोडला, त्याचं नाही रे काही," ती म्हणाली. "हात दीड महिन्यात जुळला. गाडी लागते, माणूस चुकतो. पण सहा महिने मी मलाच भीत होते. न्हाणीत जाताना भीत होते. रात्री झोपताना वाटायचं, सकाळी उठते का नाही. त्या पोरीनं माझ्यासाठी दवाखाने धुंडाळले. आणि तू रोज सकाळी विचारत होता, आई, चक्कर नाही ना? कसं जमलं रे तुला?"

तो खाली बघत राहिला.

"वर बघ. एक सांग. आज त्या पोरानं मला गाडीच्या मागे उभं केलं नसतं, तर सांगितलं असतं तू?"

हो म्हणणं सोपं होतं. आज सांगणारच होतो आई, महूला पोचायच्या आधी सांगणार होतो. शब्द जिभेवर तयारच होते. इतक्या दिवसांत त्याचा हात बसला होता त्यात.

"नाही," पंचशील म्हणाला.

कांताबाईनं मान हलवली. पदर सारखा केला आणि ती फाटकाकडे चालू लागली. समोरच्या रस्त्यावरून महूच्या बसेस जातात.

"आई, थांब, मी सोडतो ना."

"नको. आज तुझ्या गाडीत नाही बसायचं मला." ती न वळता म्हणाली. "दीक्षाला तू सांग. मी नाही सांगणार."

बसवाला "महू, महू, महू" करत आलाच. तिनं हात केला. कंडक्टर हात द्यायला खाली वाकला, तिनं तो घेतला नाही. बरा झालेला हात दांडीला घातला, दुसऱ्यानं साडी उचलली आणि एका दमात वर चढली. खिडकीत बसल्यावरही तिनं इकडे पाहिलं नाही.

बस निघाली आणि दीक्षा धावत बाहेर आली. तिनं काचेतून पाहिलं होतं.

"आई बसमध्ये चढल्या? एकट्या?" ती ओरडलीच. "आणि तुम्ही नुसते बघत उभे राहिलात? डोकं फिरलं का तुमचं? अहो, रस्त्यात चक्कर आली म्हणजे?"

"नाही येणार," पंचशील म्हणाला. "कधी आलीच नव्हती."