शेवटच्या जागेचे चार मालक

मास्तर खुंट्या उपटत पुढे चालले होते आणि गिरणीवाल्याचा मुकादम त्यांच्या मागून त्याच खुंट्या पुन्हा ठोकत येत होता. सकाळपासून हेच चाललं होतं.

"मास्तर, हात दुखत नाहीत का?"

"तुझे दुखले की सांग. मग थांबू."

खुंट्या गोदामाच्या आखणीच्या होत्या. गावाबाहेरचं मैदान म्हणजे काळ्या मातीचा एक तुकडा. पाऊस पडला की चिखल, ऊन तापलं की भेगा. पण रस्सीखेचेला असली माती दुसरी नाही. टाच मारली की धरून ठेवते. गावाचे सगळे गडी मास्तरांनी याच मातीत घडवले. आणि गिरणीवाला होता गावप्रमुख. त्याच्या मनात आलं, इथे गोदाम हवं. विषय संपला.

"तक्रार करणार तरी कुणाकडे?" मुकादम म्हणाला. "गावप्रमुखाकडेच ना?"

म्हणून मास्तर निवडणुकीला उभे राहिले.

*

इथे मास्तरांचं पहिलं भाषण यायला हवं. ते असं:

"मंडळी, ताठ उभे राहा."

मंडळी उभी राहिली. पुढे काय बोलायचं ते मास्तरांना सुचेना. बसावं की नाही ते मंडळींना कळेना. शेवटी बायकोनेच हात धरून त्यांना खाली उतरवलं.

*

"अहो, घरोघर जा," बायको म्हणाली. "आणि कुणाला त्याच्या चुका सांगत बसू नका. गोड बोला."

"गोड म्हणजे काय बोलू?"

"ज्याला जे हवंय ते."

लोहाराला काय हवं होतं? मास्तरांनी त्याला दर वर्षी संघाबाहेर बसवलेलं. त्याने हातोडा खाली ठेवला. "यंदा शेजारच्या गावाशी सामना आहे. शेवटी कोण?"

शेवटी म्हणजे दोराच्या टोकाला, कमरेला वेढा घेऊन उभा राहणारा गडी. संघाचा सगळा भार त्याच्यावर. त्या जागेला जो मान होता तो गावात नवरदेवालाही नव्हता.

"तूच," मास्तर म्हणाले. जीभ जरा अडखळली, पण निघालं तोंडातून.

"मग घरची चारही मतं तुमची."

गोठ्यात दूधवाल्याने तेच विचारलं. "तूच." आता जीभ अडखळली नाही. सुताराला, "तूच." विहिरी खणणाऱ्याने तर काही विचारलंच नव्हतं. त्यालाही सांगून आले.

"मला जमतंय गं हे," रात्री जेवताना मास्तर म्हणाले.

"म्हणूनच भीती वाटते," बायको म्हणाली.

*

सामना मतदानाच्या आदल्या दिवशी. वारा असा की दातांत माती कचकचत होती. सगळं गाव कडेला उभं. गिरणीवाला प्रमुख पाहुणा. त्याच्याखाली खुर्ची कण्हत होती.

दोर पसरला. नेहमीचे चार गडी पुढे उभे राहिले. लोहार टोकाला गेला. दूधवाला लोहाराच्या मागे जाऊन उभा राहिला. सुतार दूधवाल्याच्या मागे. विहिरीवाल्याच्या वाट्याला दोरच उरला नाही, तर तो नुसताच त्यांच्या मागे उभा राहिला, कमरेवर हात ठेवून.

"सरक, ही माझी जागा."

"तुझी कशी? मला मास्तरांनी गोठ्यात येऊन सांगितलंय. म्हशीसमोर."

"मला सांगितलं तेव्हा माझी बायको होती तिथे."

"मग तिला उभी कर."

"मास्तर, तुम्हीच सांगा आता."

सगळं गाव मास्तरांकडे वळलं. शेजारच्या गावचे गडी दोरावर बसून हसत होते. गिरणीवाला खुर्चीतूनच म्हणाला, "द्या की मास्तर, चौघांनाही द्या. उद्या गावही असंच चालवा."

मास्तरांनी गोड बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर दोरावर गेली. दोर सैल पडून मातीत लोळत होता. ते काही त्यांना बघवेना. त्यांच्यातला उमेदवार तिथेच आटोपला.

"लोहार, तुझे गुडघे लवकर वाकतात, म्हणून तू बाहेर असायचास. हातात जोर आहे, सगळ्यांच्या पुढे ये. दूधवाल्या, तू ओढता ओढता बायकांकडे बघतोस. मधे उभा राहा, मान खाली. सुतार त्याच्या मागे, आणि बडबड बंद. विहिरीवाल्या, तू घरी जा. तुला मी उगाच सांगितलं."

"आणि शेवटी?"

मास्तरांची नजर गर्दीचं वजन करत फिरली आणि खुर्चीशी येऊन थांबली. गावात तेवढा ऐवज दुसरा नव्हता.

"ऊठ," ते म्हणाले. "कोट काढ."

गावप्रमुखाला त्याच्या आईनंतर कुणी असं 'ऊठ' म्हटलं नव्हतं. तो उठला.

कमरेला दोर आवळताना मास्तर त्याच्या कानाशी म्हणाले, "काही करू नकोस. नुसता जड राहा."

ओढ. थांब. टाचा रोव. थांब. अजून थांब.

ओढ.

शेजारचं गाव तोंडावर आपटलं.

मग आपल्या गावाने खांद्यावर कुणाला घेतलं? गिरणीवाल्याला. सहा जण लागले.

*

मास्तर पडले. सपाटून पडले. लोहाराने स्वतः घरी येऊन सांगितलं, "चारही मतं तिकडे दिली, मास्तर. गुडघ्यांचं असं गावासमोर काढायला नको होतं."

"मी सांगितलं होतं," बायको म्हणाली. ती लोहाराला म्हणाली की नवऱ्याला, ते कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी मास्तर खुंट्या उपटायला मैदानावर गेले, तर मुकादमच त्या उपटत बसलेला.

"मालकांचा हुकूम आहे. पुढच्या वर्षी पुन्हा सामना आहे म्हणतात. गोदाम दुसरीकडे. आणि त्यांच्या टाचांचे खड्डे बुजवायचे नाहीत. काल चार वेळा पाहुणे आणून दाखवलेत."

ऊन चढल्यावर गावप्रमुख आला. पायात नवे कोरे बूट, मागे दोन माणसं.

"आलो, मास्तर. सरावाला."

मास्तरांनी सूर्याकडे पाहिलं. "सराव उजाडताच असतो. उशीर झाला. मैदानाला दोन फेऱ्या मार."

गावप्रमुखाने आपल्या माणसांकडे पाहिलं. माणसांनी जमिनीकडे पाहिलं. मुकादम एका खुंटीत फारच गुंतला होता.

गावप्रमुख पळायला लागला.

"पोट आत," मास्तर म्हणाले.