शेवटच्या दहा टक्क्यांचा रंग

“वामन सर, बॅटरी दहा टक्क्यांवर आली की लाल. टाका रंग इथेच, सगळ्यांसमोर,” टीमचा प्रमुख रणजीत म्हणाला.

महापेच्या ऑफिसात आठ जण मोठ्या स्क्रीनकडे बघत होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दिसणारं बॅटरीचं चिन्ह वामनने तीन महिने खपून काढलं होतं. नुसते टक्के नाहीत. चालू कामात किती मिनिटं उरलीत, ते शब्दांत. बॅटरी उतरेल तसा आकारच अरुंद होत जाणारा. रंगावाचून कळावं म्हणून त्याने ते तसं केलं होतं, कारण लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसत.

एकोणीस वर्षं हे त्याने झाकलं. रंगांचे सांकेतिक आकडे त्याला पाढ्यांसारखे पाठ होते. नवी छटा आली की शेजारच्या टेबलावरच्या वैदेहीला तो म्हणे, “बघ गं जरा, बरं दिसतं?” तीही सहज सांगे. मागच्या महिन्यात नोकरी सोडून ती पुण्याला गेली. आणि मीटिंगच्या या स्क्रीनवर आकडे नव्हते, नुसते रंगीत चौकोन.

वामनने एक चौकोन दाबला. हशा पिकला.

“सर, बॅटरी मरायला आली आणि हिरवा?” नवा डिझायनर पार्थ म्हणाला.

तेव्हा वामन नुसता हसला असता तरी निभावलं असतं. पण माणूस घाबरला की जास्तच शहाणपणा करतो. त्याने डोळे बारीक करून दुसरा चौकोन दाबला. तोही हिरवाच. या वेळी कोणी हसलं नाही.

“मला ओळखता येत नाही,” तो म्हणाला. हे वाक्य याआधी त्याने फक्त बायकोला, जयमालाला सांगितलं होतं, तेही लग्नानंतर चार वर्षांनी.

रणजीत वाईट माणूस नव्हता, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. केबिनमध्ये त्याने पाणी पुढे केलं. “आधी बोलायचं ना सर. आता तुमचं जुनं सगळं चेक करावं लागणार. पार्थ करेल.”

संध्याकाळी जुईनगरला उतरल्यावर वामनने वैदेहीला फोन लावला.

“तुला माहीत होतं?”

“पहिल्या आठवड्यातच कळलं सर.”

“मग बोलली नाहीस कधी?”

“तुमी कधी विचारलं नाही. आणि काय अडत होतं? मी होते ना.”

वामनने फोन ठेवला. आपण लपवत होतो असं त्याला वाटत होतं. खरं तर कोणीतरी सांभाळून घेत होतं. आता ते कोणीतरी नव्हतं.

पार्थने तीन दिवस एकोणीस वर्षांचं काम तपासलं. चौथ्या दिवशी तो वामनसमोरच रणजीतला म्हणाला, “सर, एकपण चूक नाय. एकपण.”

वामनच्या मनात वेडी आशा उभी राहिली.

“अरे वा, टेन्शन गेलं,” रणजीत म्हणाला. “मग फाइल्स आता तूच सांभाळ पार्थ. वामन सर मॅन्युअल लिहितील.”

आशा होती तेवढी सगळी तिथेच संपली. वामनने पासवर्ड कागदावर लिहून दिला, नीट अक्षरात.

“बस इथे,” तो उठत म्हणाला. “या जागेला उजेड चांगला आहे.”

पार्थ मान हलवून हो म्हणाला. पण वामन भिंतीकडच्या टेबलाशी जाऊन बसला, त्याने मॅन्युअलचं पहिलं पान उघडलं, तरी पार्थ त्या खुर्चीमागे उभाच होता.