बाराच्या आत जेवण

विमानतळावर उशिराच्या घोषणा करणं हे माझं काम. विमान चार तास येणार नाही हे मी इतक्या गोड आवाजात सांगते की लोक आधी माना डोलवतात आणि मग भांडायला येतात. त्यामुळे त्या दिवशी आमच्या विहारातल्या भंतेंचा फोन आला तेव्हा घरात डोकं ठिकाणावर असलेली मी एकटीच होते. घरात होतो म्हणा आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई. नवरा जहाजावर असतो आणि पाहुण्यासारखा येऊन जातो.

"मी आलोय," भंते फोनवर म्हणाले, "पण पूर्ण नाही आलो."

"म्हणजे?"

"चौथा मजला गेला, पण पाचवा काही आला नाही. लिफ्ट मधेच थांबलीय. दिवा आहे, पंखा आहे, काळजी करू नका. छान शांत आहे इथे."

त्यांना शांत वाटणारच, त्यांचा तो रोजचाच उद्योग. आमची लिफ्ट मात्र महालहरी. तिच्या मनात असेल तर ती वर नेते, नसेल तर विचार करत उभी राहते.

त्या दिवशी बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष होत होतं. पुण्यानुमोदनासाठी, म्हणजे दानाचं पुण्य त्यांच्या नावे करायला, भंतेंना भोजनदान द्यायचं म्हणून सासूबाई पहाटेपासून ओट्याशी उभ्या होत्या. भात, डाळ, दोन भाज्या आणि बाबांच्या आवडीचे भाजलेले बटाटे. आता भंतेंचा नियम असा की दुपारी बारा वाजले की अन्नाचा कणही घ्यायचा नाही. शिवाय कुणी हाताने वाढलं तरच घ्यायचं, आपण होऊन उचलायचं नाही. भिंतीवरचं घड्याळ साडेअकरा दाखवत होतं.

"आई," मी कामावरचा आवाज लावला, "भंतेंचं आगमन तांत्रिक कारणामुळे थोडं लांबलं आहे."

"तुझी तांत्रिक कारणं विमानतळावर ठेव. कुठे आहेत ते सांग."

मी सांगितलं. त्यांच्या हातातला डाव खणकन खाली पडला.

लिफ्टवाल्यांना फोन लावला. पलीकडे माझीच बहीण शोभेल अशी एक बाई होती. "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, मेकॅनिक तासाभरात पोचेल," हे तिने असं काही मधात बुडवून सांगितलं की प्रवासी माझ्या अंगावर का धावून येतात ते मला त्या दिवशी कळलं.

तासाभरात म्हणजे बारा वाजून गेल्यावर. मी भंतेंना तसं कळवलं. ते म्हणाले, "राहू द्या हो. एक दिवस जेवलो नाही तर वजन उतरेल, डॉक्टर खूश होतील. दान द्यायचं मनात आलं, तिथेच अर्धं दान झालं."

सासूबाईंनी फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "अर्धं नको मला, भंते! तुम्ही एक दिवस उपाशी राहाल, पण ते वर्षभर उपाशी आहेत!"



गेल्या वर्षी याच दिवशी, भर दुपारी, बाबा पायात चपला सरकवत म्हणाले होते, "जरा जाऊन येतो, आल्यावर जेवतो." सासूबाईंनी ताट वाढलं आणि वर दुसरं ताट झाकून ठेवलं. बाबा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर कोसळले ते उठलेच नाहीत. संध्याकाळी घर माणसांनी भरलं तरी ते झाकलेलं ताट ओट्यावर तसंच होतं. त्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. तेव्हापासून सासूबाईंनी मनाशी एकच धरून ठेवलं होतं, माझा माणूस उपाशी गेला. भंतेंनी त्यांना कितीदा समजावलं की पोचतं ते पुण्य, जेवणाचा डबा नव्हे. सासूबाई मान डोलवायच्या आणि विचारायच्या, "हो, पण पुण्य पोचलं की त्यांचं पोट भरेल ना?" मला त्यांचं हसू यायचं आणि रडूही. बाबा मलाही फार आवडायचे.

"चल," सासूबाई म्हणाल्या. "ते वर येत नाहीत ना? आपण खाली जाऊ."

त्यांचा एक गुडघा बदललेला. जिना उतरताना त्या तिरक्या होऊन एकेक पायरी घेतात. तरी त्या दिवशी पातेली, पाट आणि तांब्या घेतलेली मी मागे राहिले आणि त्या पुढे.

चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दाराला अगदी वरच्या बाजूला एक अरुंद खिडकी आहे. तिची काच पोरांच्या चेंडूने कधीच गेली. त्या खिडकीतून पलीकडे लिफ्टची सरकती जाळी दिसत होती आणि जाळीमागे भंतेंची पावलं. मग ते खाली बसले तेव्हा चेहरा दिसला. त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवला.

ताट त्या खिडकीतून जाईना आणि वाटी जाळीतून जाईना. उरला डाव. भंतेंनी भिक्षापात्र आतून जाळीला टेकवून धरलं. मी पाटावर चढले, टाचा उचलल्या, भाताने भरलेला डाव वर नेला आणि सगळा भात माझ्या डोक्यावर आला. आम्हा दोघींची उंची जेमतेम. आमच्या घरात वरच्या फळीवर जे जातं ते नवरा जहाजावरून येईपर्यंत तिथेच राहतं. दुसऱ्या खेपेला एक बटाटा टपटप जिने उतरत गेला.

त्या आवाजाने समोरचं दार उघडलं, आणि दुष्काळात तेरावा महिना तशा दारात चौथ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या.

या काकू उंच. इतक्या उंच की सासूबाई त्यांना खासगीत 'शिडी' म्हणतात. जन्मभर त्यांनी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात शंभर पोरींचं जेवण रांधलं. आमच्या मोरीतलं पाणी त्यांच्या ओट्यावर गळतं. बाबा हयात असताना "पुढच्या आठवड्यात प्लंबर आणतो" म्हणायचे आणि काकू त्यांच्यावर हसून सोडून द्यायच्या. पण बाबा गेल्यावर पाचव्याच दिवशी काकू वर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ती गळती बघायला..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाईंनी दार लावून घेतलं. "माणूस गेला माझा, आणि हिला गळतीचं पडलंय!" त्या दिवसापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत होत्या, आणि पाणीही आमच्याच मोरीतलं होतं. बोलायचंच झालं तर माझ्यामार्फत.

"काय चाललंय?" काकूंनी मला विचारलं.

"हिला सांग, आमचं आम्ही बघून घेऊ," सासूबाई मला म्हणाल्या.

"तुझ्या सासूला सांग, तुमचं तुम्ही बघताय ते माझ्या पायपुसण्यावर सांडतंय."

"नमस्कार काकू," आतून भंते म्हणाले. "बाराला वीस कमी आहेत, म्हणून जरा धावपळ."

काकूंनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा माझ्या केसांतल्या भाताकडे आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या एका हातात स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणि दुसऱ्या हातात वसतिगृहातला लांब दांड्याचा डाव घेऊन. शंभर पोरींना वाढलेला तो हात होता. स्टुलावर चढून त्यांनी रिकामा डाव खिडकीतून आत घालून पाहिला. तो थेट भिक्षापात्राशी पोचला.

"भर," त्या मला म्हणाल्या.

"थांब!" सासूबाई ओरडल्या. त्यांचा चेहरा रडवेला झाला. "हिच्या हातून नको. दान माझं आहे. माझ्या माणसाचं आहे. वर्षभर वाट बघितली मी, आणि वाढणार ही?"

काकूंचा हात तसाच हवेत राहिला. घड्याळ कुणासाठी थांबत नाही, हे मी रोज माइकवर निराळ्या शब्दांत सांगत असते. त्या घटकेला मात्र मी भाताचं पातेलं छातीशी धरून दोघींच्या मधे उभी होते.

"आई," भंते जाळीतून म्हणाले, "वाढणाऱ्याचा हात धरला की दान दोघांचं होतं. आमच्याकडे अख्खं कुटुंब असंच एकमेकांना धरून वाढतं. तुम्हाला नुसता काकूंचा हात धरायचाय."

'नुसता' म्हणे! भंतेंनी त्यांना डोंगर उचलायला सांगितला असता तर त्या आधी तयार झाल्या असत्या. सासूबाईंनी काकूंच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. तो त्यांच्या डोक्याशीच लोंबत होता, बोटांना हळद लागलेला. मग वर भंतेंकडे पाहिलं. मग डोळे मिटले, कडू औषध घेतात तसे, आणि हात धरला.

"भर," आता दोघी एकदम म्हणाल्या.

मी भरत गेले. भात गेला, डाळ गेली, भाज्या गेल्या. एक थेंब सांडला नाही. बटाटे जाळीत अडकायला लागले तेव्हा सासूबाई खालून म्हणाल्या, "अगं, हिला सांग, दाबून अर्धे कर." काकू म्हणाल्या, "तुझ्या सासूला सांग, मला बटाटे शिकवू नको." पण हात कुणी सोडला नाही. भंते लिफ्टच्या जमिनीवर मांडी घालून जेवले, घाई न करता, एकेक घास नीट चावून, आणि मी मोबाइलवर मिनिटं मोजत घामाघूम झाले. बाराच्या जरा आधी त्यांनी पात्र बाजूला ठेवलं आणि आम्हा तिघींचा जीव भांड्यात पडला.

मग पुण्यानुमोदन. सासूबाई काकूंच्या स्टुलावर बसल्या. पायाशी वाटी ठेवून तांब्यातलं पाणी बारीक धारेने तिच्यात ओतू लागल्या. भंतेंचा पाठ लिफ्टच्या पोकळीत घुमत होता, त्यामुळे भंते एक असून दहा असल्यासारखे वाटत होते. वाटी भरली, वाहू लागली, आणि ओघळ थेट काकूंच्या उंबऱ्याकडे निघाला.

पाठ संपवून भंते म्हणाले, "उंचावरचं पाणी जसं आपोआप खाली येतं, तसं इथे दिलेलं गेलेल्यांपर्यंत पोचतं."

"पाणी वरून खाली येतं हे मला कुणी सांगायला नको, भंते," काकू म्हणाल्या. "वर्षभर ओट्यावर पातेलं लावून बसलेय."

मग पहिले भंतेच हसले. मला आवरेना. सासूबाईंनी तांब्या खाली ठेवला. चेहरा पाडून त्या म्हणाल्या, "अगं, हिला सांग..." आणि तिथेच थांबल्या. मग मान वर करून, वर्षात पहिल्यांदा, सरळ काकूंना म्हणाल्या, "उद्या प्लंबर बोलावते."

"प्लंबर कधीही येऊ दे, वहिनी," काकू त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "मी तेव्हा गळतीचं भांडण घेऊन नव्हते आले. ती गळती बघायला भाऊ आले होते, त्या दिवशी, हे सांगायचं होतं मला. तुम्ही दार लावलंत. नंतर मलाही राग आला. म्हटलं, मरू दे, मला काय पडलंय."

"कुठल्या दिवशी?"

"त्याच. भर दुपारी. ओट्यावर हात फिरवला, पुढच्या आठवड्यात नक्की म्हणाले. माझा भात नुकताच झाला होता. म्हटलं, दोन घास घ्या. बसले. याच स्टुलावर."

सासूबाईंनी बसल्या जागी स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. "जेवले?"

"चांगले जेवले."

"काय होतं?"

"भात, डाळ. भाजलेले बटाटे."

"भात किती वेळा घेतला?"

"दोनदा. बटाटे तीनदा."

"तीनदा?" सासूबाईंचा आवाज चिरका झाला. "माझ्याकडे दोनदाच घ्यायचे!"

"आणि वर मला म्हणाले, घरी सांगू नका. ती ताट वाढून बसली असेल, दुकानातून आलो की मला वर जाऊन पुन्हा जेवायचंय."

सासूबाई हसल्या का रडल्या ते मला सांगता येणार नाही. आधी एक निघालं आणि त्यातूनच दुसरं. काकूंचा हात त्यांनी पुन्हा घट्ट धरला होता, या वेळी भंतेंनी न सांगता. "पंचशील घेतलेला माणूस!" त्या हुंदक्यांमधून म्हणाल्या. "खोटं बोलणार नाही म्हणून शपथ घेतलेली, आणि मला म्हणतो, आल्यावर जेवतो!"

"खोटं कुठे बोलले?" जाळीतून भंते म्हणाले. "आल्यावरही जेवणारच होते."

तेवढ्यात लिफ्टला एक हिसका बसला. दिवा लुकलुकला, आणि ती वर न जाता, भंतेंना घेऊन, सावकाश खाली निघाली. खिडकीतून भंते हात हलवताना दिसले, मग दिसेनासे झाले.

"आई, भंते गेले!" मी ओरडले.

"जाऊ दे," सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "जेवून गेलेत."