पालथा वीरगळ

मी वीरगळ बोलतोय. आवाज दबलेला वाटला तर सांभाळून घ्या. बरीच वर्षं मी तोंड मातीत खुपसून पडलो होतो, आणि तोंड वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नाही.

वीरगळ म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण हल्ली पुष्कळांना ठाऊक नसतं. जुन्या काळी गावासाठी लढताना कुणी मेला की त्याच्यासाठी एक दगड कोरून गावाबाहेर उभा करत. तो देव नव्हे आणि देवाचा कुणी लागतही नाही. ती एका माणसाची आठवण असते.

माझा माणूस गुरांपायी गेला. राज्य यादवांचं होतं आणि गाव इंद्रायणीच्या अलीकडचं, आजच्या तळवड्याच्या बाजूचं. लुटारूंनी गावची गुरं हाकून नेली तेव्हा तो भरल्या ताटावरून उठून धावला. गुरं परत आली, तो आला नाही. मग पाथरवटाने मला काळ्या खडकातून फोडून काढलं आणि माझ्यावर त्याची गोष्ट कोरली. खालच्या चौकटीत गाई, आणि त्यांच्यासमोर आडवा पडलेला तो. मधल्या चौकटीत त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर कैलासात महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेलाही तोच. अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याची कीर्ती राहायची.

एवढं सगळं कोरलं आणि नाव तेवढं कोरायचं राहिलं. पाथरवटाने विचारलं होतं, तर गावकरी म्हणाले, "नाव कशाला? त्याला कोण ओळखत नाही?" खरंच होतं ते. त्याची बायको रोज यायची आणि खालच्या चौकटीवरून हात फिरवायची. पुढे मुलगा सणासुदीला येऊ लागला. नातू एकदोनदा आला. नंतर माणसं नुसतीच समोरून जाऊ-येऊ लागली, आणि कधीतरी माझ्या ध्यानात आलं की त्याचं नाव आता मलाही आठवत नाही. ज्या एका कामासाठी मला उभं केलं तेच मला जमलं नाही. लाज काय असते ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढे मी कललो, पडलो, माझ्यावर माती चढली. किती राज्यं आली आणि गेली ते मातीखाली कळत नाही.

मला उकरून काढलं चिमाजीने. शेतकरी माणूस, कष्टाळू, पण कुणाला काही सांगायचं म्हटलं की कंजूष. विहीर बांधायला घेतली होती, त्यासाठी दगड शोधताना त्याची पहार माझ्या कडेला लागली. माती झटकली तर आत गाई, अप्सरा, पिंडी. तो दचकला. पायातली वहाण काढून त्याने हात जोडले. मग आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने माझी पाठ चाचपली. पाठ चांगली सपाट होती.

"देवा, रागावू नगंस," तो हळूच म्हणाला. बैल जुंपून त्याने मला विहिरीपाशी ओढत नेलं आणि तोंड खाली करून चिखलात बसवलं. असा मी धुण्याचा दगड झालो. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही. ती बिचारी माझ्यावर धुणं धूतच गेली.

मग सारजा आली. चिमाजीच्या मुलाची, बिरूची बायको. माहेर चाकणकडचं, हात कामाला घट्ट. रोज सकाळी ती माझ्यावर धुणं बडवायची आणि बडवता बडवता माझ्याशी बोलायची. दगडाशी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. सासऱ्यांच्या धोतराला चिखल फार लागतो, बिरू घरात मुका असतो, भाकरीला हल्ली पीठ पुरत नाही, असलं सगळं मला कळायचं. खाली माझ्या वीराचं नाक मातीत रुतलेलं आणि वर हिचं बोलणं. मला माझ्या अवस्थेची शरम वाटायची हे खरं, पण सकाळ झाली की मी तिची वाटही पाहायचो.

तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली. दुसरं गेलं त्यानंतर एक दिवस ती त्याचं अंगडं घेऊन आली. ते स्वच्छच होतं. तरी तिने ते धुतलं, पिळलं, पुन्हा धुतलं. मग माझ्यावर डोकं टेकून ती बराच वेळ बसली.

पिंपरीला औषधांचा मोठा कारखाना उभा राहत होता त्या सुमाराची गोष्ट. बिरू तिथे बांधकामावर जाऊ लागला होता. हातात रोख पैसा आला तशी त्याला विहिरीपाशी सिमेंटचा ओटा घालायची हौस आली. त्यासाठी मला हलवायचं ठरलं. शेजारची माणसं आली, पहारी लावल्या, आणि मी उलटलो.

कितीतरी वर्षांनी मला आभाळ दिसलं. मला वाटलं, आता माझे दिवस फिरले.

माणसं मागे सरकली. शेजारच्या गोजाबाईने तोंडाला पदर लावला. एकाने पाणी ओतून माती काढली, तशा गाई दिसल्या, पिंडी दिसली, चंद्र-सूर्य दिसले. ती बातमी गावात पोचायला कितीसा वेळ लागतो? भगताला बोलावलं. तो म्हणाला, देवाचा दगड आहे, विटाळला आहे.

"विटाळंल न्हाई तर काय," गोजाबाई म्हणाली. "मळकी लुगडी, पोरांची दुपटी, समदं देवाच्या पाठीवर आपटलं हिनं. मग पोरं कशी जगावीत?"

सारजा तिथेच उभी होती, हातात धुण्याची बादली. तिचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं मी तिला आवाजावरून ओळखत होतो. चेहरा पहिल्यांदा दिसला तो असा.

"आबा, ह्यो दगड हितं कुनी टाकला?" बिरूने विचारलं.

चिमाजी घराच्या ओट्यावर चिलीम ओढत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चिलमीकडे. "आदीपासनंच हाय त्यो. मला काय ठावं?"

मी जर ओरडू शकलो असतो तर त्या क्षणी ओरडलो असतो. पण अंगावर एक वीर कोरलाय म्हणून दगडाला कंठ फुटत नाही. गुरांसाठी जीव दिलेल्या माणसाची मी निशाणी, आणि माझ्यासमोर एका बाईला गोठ्यात कोंडल्यागत सगळ्यांनी घेरलं होतं. मी नुसता पाहत राहिलो.

"माजंच चुकलं," सारजा म्हणाली. "म्या कदी उलटून बगितलं न्हाई."

मला विहिरीशेजारी उभं करून शेंदूर फासला. सारजाने रोज ओलेत्याने येऊन माझ्यावर पाणी घालायचं आणि मला हात लावायचा नाही, असं ठरलं. चुलीपाशीही तिला जाऊ देईनात. थंडीचे दिवस होते. ती कुडकुडत यायची, पाणी घालायची आणि लांब उभी राहून म्हणायची, "माज्या लेकरांवर कशाला राग काढलास?" मी तिच्या लेकरांवर कसला राग काढणार? त्यांची दुपटी मीच तर अंगावर वागवली होती. पालथा असताना वाटायची ती लाज काहीच नव्हती, असं मला उभा झाल्यावर वाटू लागलं.

एवढ्यावरही भागलं नाही. चिमाजीने बिरूला सांगितलं, "तिला म्हायेरी धाड. दोष फिटला की बगू." बिरूने मान हलवली. होकार की नकार, ते त्यालाच माहीत. सारजाच्या भावाला, दादूला निरोप गेला आणि तो चाकणहून गाडी घेऊन आला.

त्याच दिवशी पुण्याहून एक संशोधकही आले. बिरूने कामावर माझी गोष्ट सांगितली होती, ती फिरत फिरत त्यांच्या कानी गेली होती. धोतर, कोट, सायकल, आणि पिशवीत मऊ कुंचले. ते माझ्यासमोर चक्क मातीत बसले आणि शेंदूर हळूहळू सोडवू लागले. सारं गाव गोळा झालं.

"हा देव नाही," ते म्हणाले. "वीरगळ आहे. ह्याला विटाळ बिटाळ काही नसतो." मग त्यांनी लोकांना गाई दाखवल्या, अप्सरा दाखवल्या, पडलेला वीर दाखवला. "असे दगड मी पुष्कळ पाहिले. ऊनपावसाने सगळ्यांची तोंडं पुसून गेलीत. ह्याच्या अप्सरांच्या बांगड्यासुद्धा मोजता येतात. पालथा होता म्हणून वाचला. ज्याने हा पालथा घातला त्याचे उपकार मानायला हवेत."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि ओट्यावरचा चिमाजी खाकरला.

"म्याच घातला की," तो म्हणाला.

संशोधक खूष होऊन उठले. "तुम्ही? कधी?"

"विहीर बांदली तवा. बगता क्षणी वळाकलं म्या, ही मोलाची चीज हाय. वाऱ्यापावसात नगं म्हनलं, म्हनून पालथा घातला." चिमाजी आता रंगात आला होता. "लई वर्सं झाली. बिरूचं लगीन बी झालं नव्हतं तवा."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. त्याने चिलीम उचलली, पण ती विझलेली होती. माझ्या वीराला मारणारे निदान तोंडावर चालून आले होते, एवढंच माझ्या मनात आलं.

"म्हंजी तुमास्नी ठावं व्हतं, आबा?" गोजाबाईने विचारलं. तिचा आवाज एरवीसारखा चढला नाही. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला.

सारजा गाडीपाशी उभी होती, गाठोडं खांद्यावर. दादूने बैल जुंपले होते. तिने गाठोडं खाली ठेवलं आणि ती परसात गेली. सकाळी तिनेच धुतलेलं चिमाजीचं धोतर तिथे दोरीवर वाळत होतं. ते तिने काढलं, नीट घडी घातली आणि ओट्यावर येऊन त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मामंजी, ह्ये तुमचं. ओलं हाय अजून. आता हितनं पुढं तुमचं तुमी धुवा."

बिरू गाडीपाशी गेला, गाठोडं उचललं आणि घरात नेऊन ठेवलं. त्याला जे बोलता येत नव्हतं ते त्याने तेवढ्यावर भागवलं. दादूने बैल सोडले.

मला पुण्याला न्यायचं ठरलं. ज्या दिवशी मला गाडीत चढवलं त्या दिवशी सारजा आली. माणसं दोर आवळत होती. ती मागच्या बाजूने आली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तिथे एक खळगा आहे, पाण्याने आणि तिच्या हातांनी झिजलेला, गुळगुळीत. त्यात तिचा तळवा बरोबर बसला.

"समदं ठावं व्हतं तुला," ती म्हणाली. "तू तरी बोलायचंस."

गाडी हलली. चिमाजी विहिरीवर होता, नव्या ओट्यावर वाकून धोतर घासत. त्याला नीट पिळता येत नव्हतं.

आता मी संग्रहालयात असतो. ऊन नाही, पाऊस नाही. शाळेतली मुलं येतात, गाई मोजतात. शेजारच्या पाटीवर लिहिलंय की मी उत्तम स्थितीत आहे आणि वीराचं नाव अज्ञात आहे. पाहुणे विचारतात, "कोण असेल हो हा?" मला मान खाली घालायची सोय नाही, नाहीतर दर वेळी घातली असती.

ते नाव मी हरवलं. पण दुसरं एक नाव मला पाठ आहे, आणि ते मला कुणी विचारत नाही. मला भिंतीला टेकवून उभं केलंय, तिच्या हाताचा खळगा भिंतीकडे आहे. कधी आलात तर इथल्या माणसांना एवढं सांगा, ह्याला एकदा फिरवून ठेवा. तिचं नाव सारजा.