चाल कोणाची? बोरगावच्या पेटीला विचारा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हणजे हार्मोनियम बरं का! कपड्यांची पेटी समजून एका पाहुण्याने माझ्यावर गाठोडे ठेवले होते, तो राग अजून गेलेला नाही. नागपूरच्या एका कारागिराने मला घडवले आणि सौंसरजवळच्या बोरगावातल्या महिला भजन मंडळाने मला घरी आणले. माझा भाता दणकट आहे. फक्त मधला एक सूर मुका झाला आहे. वय झाले हो!

आमच्या मंडळाची प्रतिभाबाई गळ्याने गोड आणि स्वभावाने हट्टी. ती सिनेमातल्या गाजलेल्या चालींवर मारुतीची भजने बसवायची. लोक डोलायचे. मला मात्र उसनी साडी नेसून मिरवल्यासारखे वाटायचे. एकदा दामिनीने, म्हणजे मंडळातल्या सुचिताबाईच्या सुनेने, भजनाचा व्हिडिओ मोबाइलवरून इंटरनेटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी त्याचा आवाज बंद! चालीच्या मालकांनी हक्क सांगितला होता.

"देवाचं भजन हाय व!" प्रतिभाबाई भडकली. "देव काय दावा करते का?"

"शब्द तुमचे हायेत काकू, चाल दुसऱ्याची," दामिनी म्हणाली. "त्यानंबी डोकं लावूनच बांधली असन ना?"

प्रतिभाबाईला ते चांगलेच झोंबले. संत्र्याच्या बागेतले काम आटोपले की ती स्वतःची चाल बांधायला माझ्यापुढे बसू लागली. मुका सूर आला की अडखळायची, चिडायची, मला दोन शब्द सुनावायची. शेवटी तिने त्या सुराला वळसाच घातला, आणि चाल अशी काही वळली की मीच थक्क झाले! जामसांवलीच्या हनुमान मंदिरात ती गायली तेव्हा लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. दामिनीने त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो गावोगाव पोहोचला.

आणि मग चोरी झाली. एका अल्बमवाल्याने तीच चाल स्वतःच्या नावावर खपवली. प्रतिभाबाई त्या दिवशी जेवली नाही.

"माहं लेकरू त्यानं आपल्या नावानं शाळेत घातलं," ती म्हणाली.

"जाऊ दे व," सुचिताबाईने समजावले. "आपल्याले कोन वळखते?"

"काहून जाऊ देऊ? तवा कायदा माह्यावर चालला. आता माह्या कामी नाई येनार का?"

दामिनीने आमचा जामसांवलीचा व्हिडिओ पुरावा म्हणून जोडला आणि गाणे जिथे टाकले होते त्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर येईना. मला धडकी भरली होती. हरली असती तर प्रतिभाबाईने नवी चाल कधीच बांधली नसती. पण एका सकाळी ते गाणे गायब! अल्बमवाल्याने फोन करून माफी मागितली. गाणे परत आले ते ठळक अक्षरांत, 'चाल : प्रतिभा घागरे, बोरगाव' असे मिरवत. अहाहा! मंडळाने पेढे वाटले, मला हार घातला.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वाद्यावर धूळ साचू देऊ नका. कोणाचे गाणे, चित्र, गोष्ट आवडली तर खुशाल घ्या, पण मागून घ्या.

परवाच तिगावच्या बाया आल्या होत्या. त्यांच्यातली एक संकोचून म्हणाली, "ताई, तुमची चाल आमी म्हनू का?"

प्रतिभाबाईचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा तिला कोणीतरी विचारत होते.

"म्हना ना बाई!" ती म्हणाली. "माहं नाव सांगा अन् मोकळ्या गळ्यानं म्हना!"

मग दोन गावांच्या बायांनी मिळून असा आवाज लावला की बस्स! आणि मी छाती फुगवून वाजत होते.