शेवटच्या ओळीनंतरचं हेटीटोला

आमच्या वन कार्यालयात देवाच्या खालोखाल एक्सेलचा मान. गुणवंतराव साहेब सकाळी आधी गणपतीला हात जोडतात, मग एक्सेल उघडतात. दोघांनाही प्रश्न विचारायची पद्धत नाही. मी दिव्यानी, इथली कंत्राटी डेटा ऑपरेटर. मी विचारते, म्हणूनच बहुधा अजून कंत्राटी आहे.

जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे समोरून जाईल त्याचा फोटो काढतात. एक फोटो, एक ओळ. वाघ, रानडुक्कर, गाई, मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया, सगळ्यांना सारखीच ओळ. एवढी समानता कार्यालयात दुसरीकडे कुठे नाही. या कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर गावांच्या नावांप्रमाणे सगळं लावून एक फाईल देतं. एक्सेल त्यातल्या दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर ओळी घेतं आणि हात टेकतं. पुढचं काही आलं नाही, असं इमानदारीत सांगतंही बिचारं. साहेब त्यावर ओके दाबतात.

नावं अकारविल्हे, त्यामुळे हेटीटोला सगळ्यात शेवटी. अर्थात ते कापलं गेलं, आणि अहवालात तिथे वाघ शून्य. त्या गावासाठी मागितलेलं सौर कुंपण नामंजूर झालं.

हेटीटोल्याच्या मंगलीबाई पोंभुर्ण्यामार्गे दोन बस बदलून आल्या.

"साहेब, वाघ रोज आमच्या बोडीवर पानी पेते. बायांची वाट तिथूनच हाय. आन् तुमी म्हन्ता वाघच नाई?"

"बाई, मी नाही म्हणत, डेटा म्हणतो," साहेब म्हणाले. जणू डेटा बाजूच्या टेबलावर बसतो.

मी म्हटलं, "सर, फाईलचे दोन भाग करू. नाहीतर डेटाबेसमध्ये टाकू, तिथे कितीही ओळी मावतात."

"वरून एकच फाईल मागितली आहे. आणि तुमचा तो डेटाबेस वरच्या साहेबांना उघडता येणार आहे का?"

वरच्या साहेबांना दोन फायली उघडाव्या लागल्या असत्या, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी होती.

मग साहेबांना सुचलं. त्यांना सुचलं की मला धडकी भरते. माझा माऊस घेऊन त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये कशाकशाचे फोटो हवेत ती यादी उघडली. "आपला विषय वाघ. मग गाई-बैल कशाला? आणि ही माणसं? माणसांची गणना जंगल खात्याकडे नाही!" दोन्हींपुढच्या टिकच्या खुणा पुसल्या. फाईल सडसडीत झाली आणि 'अ' पासून 'ह' पर्यंत अख्खी उघडली.

हेटीटोल्याला वाघ निघाला. बोडीच्या तळ्यावर, जवळजवळ रोज. मंगलीबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. खोटं कशाला बोलू, मलाही साहेबांचं कौतुक वाटलं. पाच मिनिटं टिकलं ते.

कारण अहवालाचा पुढचा रकाना होता 'संघर्षाची शक्यता'. एकाच जागी वाघ आणि माणूस किंवा जनावर दिसलं, तरच तिथे कुंपण. रकान्यात शून्य आलं. साहेबांनी चष्मा पुसून वाचलं, "वाघ आहे. पण मनुष्याचा वावर आढळत नाही. कुंपणाची गरज नाही."

"वावर नाई?" मंगलीबाई म्हणाल्या. "मी गेली का त्या डब्ब्यात लाल दिवा पेटते. माह्ये फोटो कुठी गेले?"

"सर, आत्ताच तुम्ही..." माझा आवाज चढला होता.

"अहवाल निघाला," साहेब म्हणाले, आणि ओके दाबलं.

मंगलीबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "मंग साहेब, वाघानं नेलं, तं पंचनामा कोनाच्या नावानं करसान?"

साहेब प्रिंटरमध्ये कागद भरत होते.

बाई पिशवी उचलून निघाल्या. शेवटची बस गाठायची होती, आणि उतरल्यावर बोडीवरूनच घरी जायचं होतं. अंधारात कॅमेऱ्याचा लाल दिवा पेटेल, त्यांचा फोटो निघेल. फाईलमध्ये आता जागाच जागा आहे.